जुराँग

सिंगापूर बेटाच्या नैर्ऋत्य भागातील औद्योगिक-निवासी उपनगर. १९६० पूर्वी येथे दलदल, कोळंबीची तळी व रबराचे मळे होते. अर्थमंत्री गोह केंग स्वी यांच्या पुढाकाराने १९६१ मध्ये टेकड्या फोडून त्या मातीने दलदल बुजवण्यास सुरुवात झाली. पोलाद कारखाना व बंदर उभे राहिले, पण कामगार तेथे राहायला येईनात. तामान जुराँग या तेथील वसाहतीच्या इमारतींत खोल्या रिकाम्या पडल्या आणि माणसे रोज शहरातून ये-जा करीत. शाळा, बाजार, दवाखाना नसलेल्या जागी कुटुंब का जाईल? जुराँगच्या इतिहासातील हा सर्वांत बोलका टप्पा होय. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या जुराँग टाउन कॉर्पोरेशनने कारखान्यांबरोबर घरे, उद्याने व तलाव यांची जबाबदारी घेतली. पक्षिउद्यान १९७१ मध्ये खुले झाले. पुढे घरांचे काम गृहनिर्माण मंडळाकडे गेले, १९८८ मध्ये मेट्रो आली आणि वस्ती झपाट्याने वाढली. रसायन उद्योग सात बेटे भरावाने जोडून केलेल्या जुराँग बेटावर एकवटले आहेत. २०१५ मध्ये मोठे सार्वजनिक रुग्णालय सुरू झाले. उपनगरांतर्गत नव्या मेट्रो मार्गाचे बांधकामही हाती घेण्यात आले आहे.