चार चाकांची गोधडी

आमच्या घरात आप्पांच्या खालोखाल मान जीपला. आईचा नंबर तिसरा. हा क्रम आईनंच लावला होता. कारण जीपला विचारल्याशिवाय आप्पा कुठं जात नसत, आणि आपल्याला विचारून ते कुठं गेल्याचं तिला आठवत नसे.

पाटोद्यात जीप म्हणजे साहेब, हे मी १९७२च्या दुष्काळात शिकलो. बालाघाटाच्या उघड्याबोडक्या माळावर बायामाणसं खडी फोडत आणि आम्ही पोरं सुकडीच्या वासानं त्यांच्यामागं हिंडत असू. लांब धुळीचा लोट दिसला की मुकादम ओरडे, "जीप आली!" साहेब आले, असं कोणी म्हणत नसे. साहेब बदलत, जीप तीच असे. दोन-तीन वर्षांनी तसलीच एक जुनी जीप आप्पांनी सरकारी लिलावात घेतली. अडत दुकानाला जीप कशाला, असं आईनं विचारलं. आप्पा म्हणाले, "बैलाला बसून वैरण लागते. ही उभी असली की काही खात नाही." ती चालताना काय खाते, हे पहिल्या महिन्याच्या पेट्रोलच्या बिलानं शिकवलं.

आता थोडा इतिहास. जीपच्या मालकाला तो पाठ असावाच लागतो, कारण गाडी चालू होईपर्यंत पाहुण्यांशी काहीतरी बोलावं लागतं. १९४० साली अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं सात आठवड्यांत नमुना उभा केला. पण मोठं काम मिळालं विलीज आणि फोर्ड यांना. महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपगाड्या तयार झाल्या. 'जीप' हे नाव 'जी.पी.' या अक्षरांवरून पडलं, असं एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष पॉपायच्या चित्रकथेतल्या एका अचाट प्राण्याकडे बोट दाखवतो. आप्पांचा पक्ष तिसरा : जपून चालवायची म्हणून जीप.

इकडे १९४५ साली महिंद्रा बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. देशाचे तुकडे झाले. अद्याक्षरं तेवढी शाबूत राहिली. पुढं याच कंपनीनं विलीजच्या जीपगाड्या मुंबईत जोडायला घेतल्या. आमचं पाटोदा तेव्हा निजामाच्या राज्यात. आम्हाला स्वातंत्र्यच मिळालं १७ सप्टेंबर १९४८ला, म्हणजे तेरा महिने उशिरा. जीप उशिरा आली तर तक्रार कुणाकडे करायची?

आमची जीप 'सीजे-थ्री-बी', उंच बॉनेटची. नव्या इंजिनात अर्धे व्हॉल्व्ह वर बसवल्यामुळं इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही वर उचललं. डोकं वाढलं, टोपी मोठी शिवली, एवढाच प्रकार. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ साली बंद झालं. आपल्याकडे त्याचा वंश पुढं कित्येक वर्षं चालला. म्हणून तर सुटे भाग मिळत राहिले.

गिअरच्या दांड्याशेजारी तिला आणखी दोन छोटे दांडे आहेत. एक पुढच्या चाकांना कामाला लावतो, दुसरा वेग कमी करून जोर वाढवतो. या दांड्यांची खरी किंमत मला कळली १९८१च्या भाद्रपदात.

मांजरा नदी आमच्याच तालुक्यातल्या डोंगरात जन्मते. इथं ती लहान मूल. पण पावसाळ्यात या मुलाच्या अंगात येतं. पलीकडच्या वाडीवर एक बाई अडली होती. रात्री तिचा दीर पाणी तुडवत दुकानाशी आला. आप्पांनी मिस्त्रींना उठवलं, मी कंदील धरायला. पाण्याच्या काठावर मिस्त्रींनी आधी फॅनचा पट्टा काढला.

"पंखा फिरला तर समदं पाणी इंजिनावर उडवंल. मग बसा रातभर देवाचं नाव घेत."

दोन्ही छोटे दांडे ओढून आप्पांनी जीप पाण्यात घातली. पायाशी पाणी आलं, पण जीप गेली. बाईला घेऊन परतताना ऐन पाण्यात ॲक्सिलरेटरची दांडी निखळली. आप्पा पाय दाबताहेत आणि इंजिन ऐकत नाही! मिस्त्री पाण्यात उतरले. गहू-ज्वारीची पोती शिवायची सुतळी जीपमध्ये कायम असे. ती त्यांनी कार्ब्युरेटरला बांधली, बॉनेटच्या फटीतून काढली आणि दुसरं टोक आप्पांच्या हातात दिलं. मग स्वतः मडगार्डवर बसून ओरडत राहिले, "ओढा आप्पा! ... आता सोडा! ... जरा ओढा!" मागं ती बाई कण्हत होती. नदी ओलांडून आम्ही अशीच पाटोदा गाठली. पोरगी झाली. आप्पांच्या बोटाला सुतळीचा वळ पुढं आठवडाभर होता. तो ते उगीचच लोकांना दाखवत.

तेव्हापासून "जीप भरवशाची आहे का हो?" असं कोणी विचारलं की मी गडबडतो. तिनं दगा दिला नाही असं एक वर्ष गेलं नाही. पण तिचं पोट उघडून बसलं की दुखणं डोळ्यांना दिसे, आणि गावात ते समजणारा माणूस होता. आमच्या आजीची गोधडी अशीच होती. लुगडी बदलली, ठिगळं बदलली, दोरा बदलला. गोधडी तीच राहिली. जीपचंही इंजिन दोनदा बांधलं, पत्रा निम्मा बदलला, हूड किती शिवले त्याची गणती नाही.

आता आप्पा नाहीत. २०२२ साली जुन्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली, तेव्हा मुलगा म्हणाला, "विकून टाका." पुण्याहून एक गृहस्थ आलेही. जीप त्यांना बंगल्यापुढं शोभेला हवी होती. भाव बरा देत होते. मी मिस्त्रींना विचारायला गेलो. त्यांना आता नीट दिसत नाही. म्हणाले, "चालू करा, ऐकतो." कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "तिला काय झालं नाही. तिसऱ्या नंबरचा प्लग साफ करा. पर मला दिसंना, तुम्हीच काढा."

साठीच्या उंबरठ्यावर मी पहिल्यांदा पाना हातात धरला. तीन बोटं सोलली. पुण्याच्या गृहस्थांना चहा पाजून परत पाठवलं. त्या दिवसापासून दर रविवारी मिस्त्री बाजेवर बसून सांगतात आणि मी बॉनेटखाली वाकून शिव्या खातो. गोधडी टिकवायची तर घरात कुणाला तरी सुई धरता आली पाहिजे.

सुतळी अजून जीपमध्येच असते.