दुसऱ्या ड्राइव्हवरील ऑपरेटिंग सिस्टिम

मूळ विंडोज न हलवता संगणकाच्या दुसऱ्या डिस्कवर लिनक्ससारखी प्रणाली बसवण्याची पद्धत. सुरू होताना यूईएफआय हे फर्मवेअर ठरलेल्या क्रमाने डिस्क तपासते आणि ईएफआय विभाजनातील बूटलोडर, लिनक्सचा बहुधा ग्रब, चालवते. इन्स्टॉलर पुष्कळदा हा बूटलोडर पहिल्याच डिस्कवर टाकतो. म्हणून इन्स्टॉल करताना पहिली डिस्क सुटी करणे उत्तम.

विंडोज मदरबोर्डचे घड्याळ स्थानिक वेळेचे मानते, लिनक्स यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेचे. त्यामुळे भारतात रात्री ९ वाजता लिनक्समधून विंडोजमध्ये परतल्यास दुपारचे ३:३० दिसू शकतात. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला लावले की हा घोळ मिटतो.

पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेने डेबियन या लिनक्स प्रणालीवर आधारित 'बॉस' (भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स) २००७ मध्ये आणली. तीत मराठीची सोय आहे. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने धडधाकट जुने संगणक भंगारात घालण्यापेक्षा दुसऱ्या डिस्कवर लिनक्स बसवण्याचा मार्ग निश्चितच श्रेयस्कर. विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे बिटलॉकर चालू असल्यास त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवावी आणि बॅकअप घ्यावा.