दग्ध राजवाडा आणि संगणकीय दृश्यांकन : नागपूरच्या इतिहासलेखनातील एक प्रश्न

प्रस्तावना

न बांधलेली इमारत बांधून झाल्यासारखी दाखविणे ही आज नवलाची गोष्ट राहिलेली नाही. वर्धा मार्गावरील गृहप्रकल्पांच्या फलकांवर हिरवळ, सावल्या आणि काचेतील आकाशाचे प्रतिबिंब यांसह अशी चित्रे नित्य दिसतात. वास्तुविशारदाच्या सोयीसाठी विकसित झालेले हे तंत्र आता इतिहासाच्या क्षेत्रातही आले आहे. नष्ट झालेल्या वास्तूंची अशी चित्रे इतिहासाचे साधन म्हणून कितपत ग्राह्य मानावीत, या प्रश्नाचा नागपूरच्या भोसले राजवाड्याच्या संदर्भात विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

तंत्राचा पूर्वेतिहास

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे डोनाल्ड ग्रीनबर्ग यांनी 1974 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात स्थापत्यातील संगणकीय चित्रणाविषयी लेख लिहिला. प्रकाशकिरणांचा मागोवा घेऊन परावर्तन व सावली मोजण्याची टर्नर व्हिटेड यांची पद्धत 1980 मध्ये प्रसिद्ध झाली. एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर पडणाऱ्या मंद उजेडाचे गणित 1984 मध्ये कॉर्नेल येथेच मांडले गेले. पुढे स्केचअपसारख्या सोप्या आज्ञावलींमुळे हे काम महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले.

पद्धत थोडक्यात अशी. प्रथम वास्तूचे त्रिमितीय प्रतिमान रचावयाचे, नंतर प्रत्येक पृष्ठभागास दगड, लाकूड, चुना यांचे गुणधर्म द्यावयाचे आणि शेवटी प्रकाशाची दिशा व तीव्रता ठरवून चित्रातील प्रत्येक बिंदूचा रंग संगणकाकडून काढून घ्यावयाचा. येथे ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. इतिहासकारास एखादे वाक्य अर्धवट सोडता येते, ‘याविषयी माहिती उपलब्ध नाही’ असे लिहिता येते. संगणकीय चित्रात मात्र रिकामी जागा राहत नाही.

नागपूरचा राजवाडा

तिसरे रघुजी भोसले 11 डिसेंबर 1853 रोजी निवर्तले आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. पुढे दहाच वर्षांत, 1864 मध्ये, महालातील राजवाडा आगीत भस्मसात झाला. 1908 मधील इम्पीरियल गॅझेटियरमध्ये या वास्तूसंबंधी मिळते ते एवढेच, की ती काळ्या बेसाल्ट दगडाची होती, तिच्यावर लाकडी कोरीव काम विपुल होते आणि आगीनंतर तिचे भव्य प्रवेशद्वार तेवढे उरले.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील प्रदर्शनासाठी एका विद्यार्थ्याने या राजवाड्याचे संगणकीय चित्र तयार केले. काम मेहनतीचे होते. आज्ञावलीत नागपूरचे अक्षांश व रेखांश दिलेले असल्याने मे महिन्याच्या अखेरीचा, जवळजवळ माथ्यावर आलेला सूर्य आणि खांबांच्या पायाशी गोळा झालेल्या आखूड सावल्या अगदी बिनचूक उतरल्या होत्या. परंतु मजले किती, खिडक्या किती, चौक किती, यांपैकी कशालाच आधार नव्हता. महिरपी पुण्याकडील वाड्यांच्या छायाचित्रांवरून घेतलेल्या होत्या. म्हणजे सूर्य नागपूरचा खरा आणि वाडा बहुतांशी कल्पनेतला. तथापि सूर्याच्या खरेपणामुळे वाडाही खरा वाटत होता. मार्गदर्शक या नात्याने हे माझ्या वेळीच लक्षात आले नाही, हे प्रांजळपणे नमूद करणे आवश्यक आहे. पुढील वर्षी दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पवहीत तेच चित्र, कृष्णधवल करून, ‘राजवाड्याचे जुने छायाचित्र’ या शीर्षकाखाली चिकटविलेले आढळले, तेव्हा प्रश्नाचे गांभीर्य कळले.

एक जुने उदाहरण

हा धोका केवळ संगणकाचा आहे असे मात्र नव्हे. सर चार्ल्स मॅलेट व पेशवे यांच्यातील 1790 च्या कराराचा पुणे दरबारातील प्रसंग थॉमस डॅनियल याने 1805 च्या सुमारास इंग्लंडमध्ये रंगविला. डॅनियल पुण्यास गेलेला नव्हता. ज्याच्या रेखाटनांचा त्याने आधार घेतला तो जेम्स वेल्स 1791 मध्ये भारतात आला, म्हणजे तोही त्या प्रसंगी हजर नव्हता. शनिवारवाड्यातील इमारती 1828 मध्ये जळाल्या आणि दरबाराची कल्पना करण्यासाठी पुढील पिढ्या याच चित्राकडे वळल्या. तरीही डॅनियलच्या मागे वेल्सची प्रत्यक्ष पाहून केलेली रेखाटने होती, चित्रकार व काळ ज्ञात होते आणि त्यामुळे त्याची चिकित्सा करता येते. आमच्या चित्राच्या मागे असे काहीच नव्हते.

वास्तुविशारदाचे चित्र चुकले तर इमारत उभी राहिल्यावर ती चूक उघडी पडते. ग्राहक तक्रार करतो, क्वचित न्यायालयातही जातो. जळालेल्या वाड्याच्या चित्राविरुद्ध तक्रार करणारे कोणी उरलेले नसते. म्हणूनच सांस्कृतिक वारशाच्या संगणकीय दृश्यांकनाविषयीच्या ‘लंडन सनदे’ने (2009 ची सुधारित आवृत्ती) चित्रातील कोणता भाग पुराव्यावर आणि कोणता तर्कावर आधारलेला आहे हे पाहणाऱ्यास समजले पाहिजे, तसेच ते निर्णय कसे घेतले याची नोंद ठेवली पाहिजे, असा आग्रह धरला आहे. आपल्याकडे तळटीप नसलेला निबंध परत पाठविला जातो. चित्र मात्र तळटिपेशिवाय स्वीकारले जाते, हे काहीसे विचित्र आहे.

त्याच विद्यार्थ्याकडून नंतर ते प्रतिमान पुन्हा करवून घेतले. ज्यास लेखी आधार आहे तेवढाच दगड व लाकूड त्यांच्या रंगात, अन्य वाड्यांवरून अनुमानलेले भाग अर्धपारदर्शक आणि उरलेले सर्व करड्या ठोकळ्यांत, अशी योजना होती. ते पाहून तो काहीसा हिरमुसला. ‘सर, यात वाडा दिसतच नाही,’ असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे बरोबर होते. ते करडे चित्रच आम्ही विभागात लावले असून त्याखाली गॅझेटियरमधील संबंधित मजकूर टंकलिखित करून ठेवला आहे.