भोजांचा देश : वऱ्हाडच्या प्राचीन लेखांतून दिसणारे दाते

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन गावे आहेत. एकाची ओळख बाजारावरून, दुसऱ्याची रेल्वेवरून. एकोणिसाव्या शतकात लोहमार्ग आला आणि गावाच्या नावालाच कायमचा चिकटून बसला. नावात इतिहास कसा साठतो याचे हे साधे उदाहरण होय. मात्र ज्या नावाचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे, ते याच मातीतील असून सव्वादोन हजार वर्षे जुने आहे.

चांदूर रेल्वेच्या ईशान्येस, वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे. हे गाव पूर्वी चांदूर तालुक्यातच मोडत असे. रुक्मिणीचे माहेर म्हणून त्याची ख्याती आहे आणि कार्तिकात तेथे यात्रा भरते. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी तेथील पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन केले. काळी-तांबडी मृद्भांडी, लोखंडाच्या वस्तू आणि मणी मिळाले. दीक्षित हे मण्यांचे जाणकार. कार्नेलियनच्या मण्यावर क्षाराने पांढरी नक्षी उमटविण्याच्या प्राचीन भारतीय कलेवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. असे नक्षीचे मणी सिंधू संस्कृतीतून मेसोपोटेमियातील उर नगरापर्यंत पोहोचले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा इवल्याशा वस्तूचे मोल कळते. परंतु मण्यावरून कारागिरी समजते, व्यापार समजतो. येथील माणसे स्वतःला काय म्हणवीत होती, ते समजत नाही. त्यासाठी लेखच हवा.

पुराणकथेतच त्याचा एक धागा आहे. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी पराभवानंतर कुंडिनपुरास परतला नाही. त्याने भोजकट नावाचे नगर वसविले, असे महाभारत सांगते. अमरावतीजवळचे भातकुली म्हणजेच ते भोजकट, असे अनेक अभ्यासक मानतात. कथा बाजूला ठेवू. ‘भोज’ हा शब्द मात्र बाजूला ठेवता येत नाही, कारण तो सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात आला आहे.

कलिंगच्या युद्धातील संहाराबद्दल अशोकाने अनुताप व्यक्त केला तो याच लेखात. धम्मविजय हाच श्रेष्ठ विजय, असे सांगून हा विजय कोठे कोठे झाला त्याची यादी तो देतो. सीमेपलीकडील पाच ग्रीक राजांची नावे प्राकृत उच्चारात येतात : सीरियाचा अंतियोक, मिसरचा तुरमाय, मॅसिडोनियाचा अंतिकिनी, त्याशिवाय मक आणि अलिकसुंदर. त्यानंतर साम्राज्यातील लोकांची नावे येतात. त्यांत भोज व पितिनिक, आंध्र व पुलिंद आहेत. हे लोकही देवानांप्रियाच्या धम्मानुशासनाचे अनुसरण करतात, असे अशोक म्हणतो. मिसरचा राजा आणि भोज जन एकाच लेखात, काही ओळींच्या अंतराने यावेत, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

येथे एक सावधगिरी अगत्याची आहे. हे भोज म्हणजे विदर्भातीलच, हे सर्वांस मान्य नाही. कोकणात कुडा येथील बौद्ध लेण्यांत ‘महाभोज’ हे पद आढळते. म्हणून काही विद्वान त्यांना पश्चिम किनाऱ्याकडे नेतात. आमचा कल विदर्भाकडे आहे. त्याचे कारण पुढे येणाऱ्या एका ताम्रपटात आहे.

अशोकाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की ज्या लोकांसाठी लेख, त्यांना समजेल ती भाषा. कंदाहार येथे १९५८ मध्ये सापडलेला त्याचा लेख ग्रीक आणि अरमाईक या दोन भाषांत आहे. भारतात त्याने प्राकृत वापरली. ही भाषा केवळ राजाज्ञेपुरती राहिली नाही, याची साक्ष विदर्भातच मिळते. वैनगंगेच्या काठी पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात स्तूपांचे अवशेष उजेडात आले. स्तूपाच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत दात्यांचे छोटे छोटे लेख आहेत. त्यांत वंशावळी नाहीत, बिरुदे नाहीत. कोणी दान दिले तेवढेच सांगून लेख संपतो. एका दानलेखात सर्व सत्त्वांच्या सुखाची इच्छा व्यक्त केली आहे. राजाच्या खजिन्यावाचून, अनेकांच्या हातून उभे राहणारे धम्मकार्य आमच्या वाचकांना परके वाटू नये. गावोगावची विहारे आजही वर्गणीतूनच उभी राहतात आणि देणगीदारांची नावे भिंतीवरील फरशीत कोरली जातात.

आता सुमारे सातशे वर्षे पुढे येऊ. अचलपूरजवळच्या चम्मक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट मिळाला. भोजकट-राज्यातील चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याचे तो सांगतो. चर्मांक म्हणजेच चम्मक. अर्थात पाचव्या शतकात आजच्या अमरावती जिल्ह्याचा हा भाग भोजकट-राज्य म्हणून ओळखला जात होता, याविषयी शंका राहत नाही. आमचा कल विदर्भाकडे झुकतो तो यामुळे. ताम्रपटाची भाषा संस्कृत आहे. त्यात एक विलक्षण अट आहे : या ब्राह्मणांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी व व्यभिचार करू नये, युद्ध करू नये, इतर गावांस उपद्रव देऊ नये, तसे वर्तन घडल्यास राजाने गाव काढून घेतले तर ती चोरी ठरणार नाही. दान देणाऱ्यालाही घेणाऱ्यांचा पूर्ण भरवसा नव्हता, असेच हे वाचून वाटते.

प्राकृत म्हणजे बौद्ध, संस्कृत म्हणजे वैदिक, असा सरळ हिशेब येथे कोणी मांडील. आम्ही तो मांडणार नाही. वाशीम येथे १९३९ मध्ये मिळालेला वाकाटक विंध्यशक्तीचा ताम्रपट पाहावा. त्यातील वंशावळ संस्कृतात आहे, तर दानाचा प्रत्यक्ष मजकूर बहुतांशी प्राकृतात. आणि ते दानही ब्राह्मणांनाच आहे. ‘सेतुबंध’ हे प्राकृत काव्य प्रवरसेनाच्याच नावावर आहे. उलट अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेख संस्कृतात असून तो बौद्ध दानाचा आहे. हरिषेण राजाचा अमात्य वराहदेव याने ते लेणे संघाला अर्पण केले. तेव्हा भाषेवरून धर्म ठरत नाही. बदलला तो दाता. पवनीच्या दगडांवर अनेक लहान दाते बोलतात. ताम्रपटावर राजा बोलतो, अजिंठ्यात अमात्य. चर्मांक गावात नांगर धरणारी माणसे त्या ताम्रपटात स्वतःच्या तोंडाने एक शब्दही बोलत नाहीत. त्यांचे गाव दिले गेले, एवढेच आपल्याला कळते.

म्हणूनच या भाषांचे अध्ययन आम्हांला निकडीचे वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पालीचा शब्दकोश आणि व्याकरण सिद्ध करण्यासाठी परिश्रम घेतले. ते काम त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली आणि प्राकृत या तिन्ही भाषांना अभिजात दर्जा देण्यास मान्यता दिली. तिन्ही नावे एकाच निर्णयात आली, हे इतिहासाला धरूनच झाले. मात्र अभिजात दर्जा मिळाल्याने टेकाडे आपोआप सुरक्षित होत नाहीत.

बुलढाणा जिल्ह्यातील भोन येथे या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. विटांचा स्तूप मिळाला, मातीच्या कड्यांच्या विहिरी मिळाल्या. पूर्णा नदीकाठचे हे स्थळ जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. प्रकल्पाच्या पाण्याची गरज आम्ही नाकारीत नाही. वऱ्हाडात ती कोणी नाकारू शकत नाही. पण कौंडिण्यपूरला यात्रा आहे, भोनच्या स्तूपाला यात्रा नाही. तेथे जाणारे, विटा पाहणारे, मोजणारे आणि छायाचित्रे घेऊन ठेवणारे लोक चांदूर, धामणगाव, अकोला येथूनच जावे लागतील, आणि तेही पाणी चढण्यापूर्वी.