सूक्ष्मपायस : नाव, स्वरूप आणि प्रावस्था-आलेखाचा इतिहास

प्रास्ताविक :

तेल व पाणी पृष्ठक्रियाकारकासह घुसळले असता दुधासारखे पायस म्हणजेच इमल्शन तयार होते. परंतु ते कालांतराने फुटते. सूक्ष्मपायस अर्थात मायक्रोइमल्शन मात्र घटकांचे प्रमाण व तापमान योग्य असल्यास आपोआप तयार होते, सामान्यतः पारदर्शक असते आणि त्या परिस्थितीत फुटत नाही. हे पायसच आहे की द्रावण, हा वाद काही दशके चालला. तो कसा निवळला, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नाव आणि वाद :

केंब्रिज येथील होर व शुलमन यांनी 1943 मध्ये साबण व अल्कोहोल यांच्या साहाय्याने तेलात पाण्याचे पारदर्शक मिश्रण तयार होते, असे 'नेचर' या नियतकालिकात मांडले. 'मायक्रोइमल्शन' ही संज्ञा मात्र 1959 मध्ये शुलमन, स्टोकेनियस व प्रिन्स यांच्या शोधनिबंधातून रूढ झाली. या नावामुळे हे मिश्रण म्हणजे केवळ अतिसूक्ष्म थेंबांचे पायस होय, असा समज दृढ झाला. शिनोदा, फ्रिबर्ग आदी संशोधकांनी मात्र ते फुगलेल्या मिसेलांचे द्रावण मानले. हा भेद केवळ शाब्दिक नव्हता. पायस मानल्यास ते कसे घुसळले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. समतोलातील द्रावण मानल्यास गिब्ज यांचा प्रावस्था नियम लागू होतो.

विन्सर आणि शिनोदा :

या दुसऱ्या दृष्टीचा पाया विन्सर यांनी 1948 मध्येच घातला होता. पृष्ठक्रियाकारक पाण्यात राहून वर जादा तेल उरणे, तो तेलात जाऊन खाली जादा पाणी उरणे, तो मधल्या तिसऱ्या थरात एकवटणे आणि सर्व मिळून एकच प्रावस्था होणे, असे चार प्रकार त्यांनी सांगितले. जपानमध्ये शिनोदा यांनी 1964 मध्ये अनायनी पृष्ठक्रियाकारकांच्या संदर्भात प्रावस्था-व्युत्क्रम तापमानाची संकल्पना मांडली. अशा रेणूतील ऑक्सिएथिलीन साखळी कमी तापमानास पाण्याला धरून राहते. तापमान वाढताच तिचे जलयोजन घटते व रेणू तेलाकडे झुकतो. त्यामुळे मीठ वा अल्कोहोल न घालता, केवळ तापमान बदलून विन्सर यांचे पहिले तीन प्रकार क्रमाने पाहता येतात.

माशाच्या आकाराचा आलेख :

1973 च्या तेलसंकटानंतर खडकांत अडकलेले खनिज तेल बाहेर काढण्यासाठी या विषयाला मोठी चालना मिळाली. कारण मधल्या थराशी आंतरपृष्ठीय ताण अत्यल्प असतो. स्क्रिव्हन यांनी 1976 मध्ये मधल्या थरात थेंब नसून, तेल व पाणी दोन्ही स्पंजाप्रमाणे सलग पसरलेले असावेत, असे सुचविले. 1985 मध्ये गॉटिंगेन येथील काल्वाइट व स्ट्राय यांनी पाणी, तेल व अनायनी पृष्ठक्रियाकारक अशा त्रिघटकी प्रणालींची सुसंगत मांडणी केली. तेल व पाणी समप्रमाणात ठेवून, आडव्या अक्षावर पृष्ठक्रियाकारकाचे प्रमाण व उभ्या अक्षावर तापमान घेतल्यास माशासारखी आकृती मिळते. माशाचे धड म्हणजे तीन प्रावस्थांचे क्षेत्र, तर शेपूट म्हणजे एकाच प्रावस्थेचे. दोहोंचा सांधा म्हणजे तेल व पाणी पूर्णतः एकजीव करण्यास लागणारे पृष्ठक्रियाकारकाचे किमान प्रमाण होय. तीन प्रावस्थांचा उगम त्यांनी तीन द्विघटकी जोड्यांच्या विद्राव्यतेत शोधला. 1988 मध्ये यान व स्ट्राय यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीय चित्रांनी स्पंजरचनेस पुष्टी दिली.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, साबण, अल्कोहोल व मीठ यांच्या चार-पाच घटकी मिश्रणात जो प्रश्न गुंतागुंतीचा झाला होता, तो तीनच शुद्ध घटकांची प्रणाली निवडल्यामुळे सुटा झाला. स्थिर दाबाखाली त्रिघटकी प्रणालीत तीन प्रावस्था असता, तापमान ठरले की तिन्ही थरांचे संघटन निश्चित होते; घुसळण्याच्या पद्धतीस तेथे स्थान उरत नाही. 'पायस' हे नाव टिकले, पण त्यामागील कल्पना मात्र मागे पडली. विशेष म्हणजे, या आलेखाची मूळ निरीक्षणे बंद परीक्षानळ्या व तापमान नियंत्रित जलपात्र यांवर होऊ शकतात. महागड्या उपकरणांअभावी संशोधन थांबते, असे मानणाऱ्या आपल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांनी या इतिहासाची दखल घेणे अगत्याचे आहे.