शोपँचं ‘रेनड्रॉप’ प्रिल्यूड : एकच स्वर, आधी रिमझिम, मग धडकी

इगतपुरीत जुलैमध्ये पत्र्यावर पडणारा पाऊस ऐकलाय? तोच आवाज दुपारी डोळ्यांवर झोप आणतो आणि मध्यरात्री धडकी भरवतो. पियानोवरची एक छोटीशी रचना नेमकी हीच जादू करते.

पोलिश संगीतकार फ्रेदेरिक शोपँचे २४ प्रिल्यूड १८३९ मध्ये प्रकाशित झाले. प्रिल्यूड म्हणजे खरं तर मोठ्या रचनेआधीची प्रस्तावना. शोपँने तिलाच स्वतंत्र रचना बनवलं. त्यातलं १५ वं प्रिल्यूड ‘रेनड्रॉप’ नावाने जगप्रसिद्ध आहे. ते वाजवायला पाच-सहा मिनिटं लागतात.

यात एकच स्वर थेंबासारखा जवळपास सतत वाजत राहतो. आपल्या भाषेत सांगायचं तर तो पंचम. सुरुवातीला शुद्ध गंधार असतो, त्यामुळे सगळं शांत, प्रसन्न वाटतं. मधल्या भागात षड्ज तोच, पंचमही तोच. पण गंधार कोमल होतो, सूर खर्जात उतरतात आणि आवाज चढत जातो. आता तोच थेंब भीती दाखवतो. शेवटी पुन्हा पहिली शांतता येते.

१८३८-३९ च्या हिवाळ्यात आजारी शोपँ लेखिका जॉर्ज सँडसोबत स्पेनच्या मायोर्का बेटावर होता. तिथल्या एका पावसाळी रात्री त्याने वाजवलेल्या प्रिल्यूडबद्दल सँडने आत्मचरित्रात लिहिलंय. ते हेच, असं अनेकजण मानतात. मात्र त्या सुरांत पावसाची नक्कल आहे, असं तिने सुचवताच शोपँ चिडला होता. ‘रेनड्रॉप’ हे नावही त्याने दिलेलं नाही.

ऐकताना म्हणूनच थेंब मोजू नका. त्याच्याभोवती काय बदलतंय, तिकडे कान द्या.