कोळणीचे नाव

दिवाळीची आवराआवर चालली होती. आमच्या नवीन पनवेलच्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून एक मोठा कृष्णधवल फोटो निघाला. पनवेलच्या मासळीबाजारातली एक म्हातारी कोळीण. मागे माझ्याच अक्षरात मथळा होता: 'कोळीण'. त्यासरशी मुंबईच्या एका कॅमेरा क्लबातील ती संध्याकाळ डोळ्यांपुढे उभी राहिली.

अशा बैठकांची परंपरा मुंबईत मोठी जुनी आहे, वाचकहो. दगेरची युक्ती पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघालीदेखील! हिंदुस्थानातली ही पहिलीच. साहेबलोकांच्या त्या मेळाव्यात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी मानाने वावरत. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ साली फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे स्वतःचा स्टुडिओच थाटला.

तेव्हा दिवा नव्हता. जो काही उजेड, तो सूर्याचा. स्टुडिओला उत्तरेकडे मोठी काच ठेवीत, कारण तिकडून ऊन सहसा थेट येत नाही, मऊ उजेड येतो. चेहऱ्याच्या सावलीतल्या बाजूस पांढरे कापड धरले की तीही थोडी उजळे. रसायनाची काच ओली असेतोच सारे उरकावयाचे. गिऱ्हाईकाने काही सेकंद हलावयाचे नाही, म्हणून मानेमागे लोखंडी टेकू! (आपल्या पणजोबांचे चेहरे एवढे करारी का, याचे हे एक कारण.) त्या काचेस निळा रंग दिसे, तांबडा दिसत नसे, त्यामुळे कपाळीचे लाल कुंकू काळे उमटे आणि सावळा माणूस आणखी सावळा होई.

सोसायटीच्याच विल्यम जॉन्सनने मुंबईच्या लोकांची चित्रे घेऊन १८६३ आणि १८६६ साली दोन खंड काढले. माणसे एकीकडे टिपलेली, मागचा देखावा दुसरीकडचा. दोन्ही जोडून एक चित्र. हात मोठा सफाईचा. पण चित्रांखाली लिहिलेली असे ती जात, नाही तर धंदा. पैसे मोजून स्टुडिओत बसणाऱ्याला नाव होते. या मंडळींना ते नव्हते.

आणि मी तरी निराळे काय केले होते? त्या संध्याकाळी माझे चित्र फळीवर लागले. नाकाची सावली ओठापर्यंत पोचली नव्हती, पलीकडच्या गालावर उजेडाचा लहानसा त्रिकोण उतरला होता. मी मनातून खूष होतो. परीक्षक वृद्ध गृहस्थ. बराच वेळ पाहून म्हणाले, "उजेड चांगला साधलात हो. बाईंचे नाव काय?"

मला सांगता येईना. कोणी हसले नाही, हेच अधिक लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाजार गाठला. "मावशी, तुमचं नाव काय?" तिने आधी मला निरखले, मग पापलेट पुढे सरकवून भाव सांगितला. पापलेट घेतल्यावर नाव सांगितले, आणि वर बजावले, "माझा फोटू मला आणून दे."

एक प्रत तिला नेऊन दिली. पेटीतल्या या प्रतीवर मात्र 'कोळीण' तसेच राहून गेले होते. काल पेन्सिल घेऊन त्याखाली तिचे नाव लिहिले.